चाक सुटलं तो दिवस

दादा,

काल मुलाची गाडी दारातून हलेना. बरेच महिने तो परगावी होता, गाडी पावसापाण्यात उभी. "आई, ब्रेक धरलेत," म्हणून तो चिडचिड करत होता आणि मी पायरीवर बसून हसत होते. म्हातारी चळली असं वाटलं असेल त्याला. मला मात्र नगरच्या घरामागची पत्र्याची शेड दिसत होती, आणि धोतराचा काचा मारून चाकापाशी बसलेले तुम्ही.

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं, तुमची मोटार शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली. तुम्ही सायकलवरून कोर्टात जाऊ लागलात. दुपारी मी मागच्या सीटवर जाऊन पडायची. चामड्याचा उबट वास, धुळकट काचेतून येणारं पिवळं ऊन. डोळा लागला की गाडी चालू लागायची, कुठे ते कळायचं नाही. दर दसऱ्याला आई तिची चारही चाकं घागरीनं धुवून हळदकुंकू लावायची. गाडी घरंगळू नये म्हणून तुम्ही हँडब्रेक करकचून ओढून ठेवलेला.

मग माझं लग्न झालं. लेकीची पारनेरला सासरी पाठवणी आपल्याच मोटारीतून करणार, असं तुम्ही सगळ्यांना सांगून बसलात. पेट्रोल कुठून मिळवलंत देव जाणे. त्या सकाळी इंजिन सुरू झालं, पण मागचं चाक जागचं हलेना. "ब्रेक गंजून आत चिकटलाय. घाल आणखी दसऱ्याला पाणी," तुम्ही आईला म्हणालात. "देवाचं केलं तेही चुकलंच का माझं?" आई फणकारली. मी ट्रंकेवर बसून होते. मला जायचं नव्हतं, पण तसं म्हणायची सोय कुठे होती? मुलगी रडते म्हणून का कुणी तिला ठेवून घेतं?

तुम्ही हातोडीनं चाकाच्या ड्रमवर हलके ठोके घालताय. दूध घालायला आलेला गवळी मागून रेटतोय. खाडकन आवाज होतो आणि गाडी हातभर पुढे सरकते.

"सुटलं की वो, वकीलसाहेब!"

तुम्ही ओठांवर बोट ठेवता. घराकडे बघता. मग दोघं मिळून गाडी मागे ढकलता, आणि तुम्ही आत वाकून हँडब्रेक पुन्हा ओढता. गवळीही पक्का, अंगणातून जाताना मोठ्यानं म्हणाला, "लई जाम हाय, वैनी. आज काय सुटायचं न्हाई."

तुम्ही हात पुसत आत आलात. "आज जमत नाही. पारनेरला निरोप धाडतो, उद्या बघू." आवाज अगदी कोर्टातला. तो सबंध दिवस मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून होते आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोटार इतकी सावकाश नेलीत की बैलगाड्या आपल्याला मागे टाकून गेल्या.

दादा, आदल्या दिवशी तुम्ही चाकाशी झटत होतात तेव्हा मी ट्रंकेवरून उठून घराच्या मागच्या खिडकीत उभी होते. सगळं पाहिलं होतं. पोरीला काही कळलं नाही, असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि मी ते वाटू दिलं. आता हे पत्र घालायला पत्ताच नाही, म्हणून लिहायचा धीर झाला. तुमच्या समोर बोलले असते तर तुमच्या गळ्यात पडून रडले असते, आणि ते आपल्या दोघांनाही जमलं नसतं.