कोकनी नावाचा मासा

आई, काल मी मासे पकडले. चार लहान, आणि एक असा की त्याच्याविषयी लिहायला बसले तरी हात थरथरतायत. घाबरून नव्हे, खरोखर दुखतायत, दंडापासून मनगटापर्यंत. सकाळी कॉफीचा मग उचलायला दोन्ही हात लावावे लागले. ऑफिसला सुट्टी टाकली आहे, खिडकीतून ऊन आत आलंय आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तुला लिहितेय, कारण हे सगळं आधी तुला सांगावं असं कालपासून झालंय. तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तू गेलीस त्या वयाच्या मी दोन वर्षं पुढे आले आहे, म्हणजे आता मी तुझ्याहून मोठी. तरीही लिहिताना तू रागावशील का, हा विचार एकदा येऊन गेलाच.

सुरुवात झाली ती एका शब्दानं. मी अमेरिकेत, आयडाहोत राहते. तू नकाशात शोधलं असतंस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एखाद्या नव्या गावाला कॉल जोडलास की घरी आल्यावर ॲटलास काढायचीस, तसं. इथे समुद्र नाही. डोंगर, नद्या आणि खोल तळी. माझी शेजारीण पंचाहत्तरीची आहे, एकटी राहते, आयुष्यभर शाळेची बस चालवली तिनं. मी तिला एकेरी नावानं हाक मारते. इथे तसंच असतं, पण तुझ्यासमोर मारली असती तर तू डोळे वटारले असतेस. तिच्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमची बोट आहे. एप्रिलमध्ये ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, जुलैमध्ये कोकनी धरायला जाणार आहे, येतेस का? मी ऐकलं ‘कोकणी’. मला इतकं हसू आलं की हातातला पाण्याचा पाइप माझ्याच पायावर गेला. मग तिला सांगावं लागलं की माझी आई कोकणी होती. ती म्हणाली, मग तर तुला आलंच पाहिजे.

शेजारणीच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. जड काही ओढता येत नाही, म्हणून तिला दोन माणसं हवी होती. दुसरी माझ्या ऑफिसातली मैत्रीण, नागपूरची. मासे पकडायचं म्हटल्याबरोबर ती तयार झाली. मग म्हणाली, ‘‘मला पोहता येत नाही हं, आधीच सांगून ठेवते.’’ मी म्हटलं, मलाही येत नाही. का, असं तिनं विचारलं आणि मी काहीतरी बोलून विषय बदलला. खरं कारण तू आहेस.

मी नऊ वर्षांची. बार्शीबाहेरचा तो तलाव, रविवारची सकाळ, गल्लीतल्या दोन मुली आणि मी. वाकवलेली टाचणी, शिवणाचा दोरा, कणकेची गोळी. माझ्या दोऱ्याला मासा लागला. माझ्या तळहाताएवढा, चिखलाच्या रंगाचा. तो ओल्या रुमालात गुंडाळून मी धावत घरी आणला, कारण तू समुद्राकाठची आणि मला वाटलं तू खूश होशील. तू नुकतीच ड्यूटीवरून आलेली असतेस. डोक्यावर हेडफोनच्या पट्टीचा वळ तसाच असतो. तू रुमाल उघडतेस आणि माझ्या थोबाडीत देतेस. ‘‘पुन्हा पाण्याच्या काठाला दिसलीस तर तंगड्या मोडीन,’’ म्हणतेस. दादांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. दादांशी लग्न झाल्यावर तू मासे सोडलेस ते असे की आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, सून कोकणातली आहे पण कधी माशाचं नाव काढलं नाही. तू मासा वर्तमानपत्रात गुंडाळलास. मला वाटलं, गेला कचऱ्यात.

दुपारी दादा आणि आजी कोणाच्या तरी लग्नाला गेले. मला भिंतीकडे तोंड करून झोपायची शिक्षा होती. थोड्या वेळानं वास आला. मी पाय न वाजवता उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून पाहिलं. तू स्टोपाशी उकिडवी बसली होतीस. फोडणीच्या लोखंडी पळीत माझा मासा तळत होतीस. नुसतं तिखट आणि मीठ. मग पेपरवर घेऊन तो खाल्लास. इतका एवढासा मासा, पण किती वेळ खात होतीस. एकेक काटा ओठांतून ओढून काढून पेपरच्या कडेला ओळीनं ठेवत होतीस. डोळे मिटलेले. शेवटी बोटं चाटलीस, खिडकी उघडलीस, उदबत्ती लावलीस आणि पळी राखेनं घासायला घेतलीस. मी परत जाऊन भिंतीकडे तोंड केलं. मला वाईट वाटलं नाही आई, मला राग आला. मासा माझा होता. मी पाहिलं हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण तेव्हाचा तुझा चेहरा मी पुढे पंधरा वर्षं शोधत राहिले, सणावाराला, माझ्या निकालाच्या दिवशी, आणि तो परत दिसला नाही.

असो. काल सांगायचं होतं ते सांगते.

आदल्या दिवशी अडीच तास गाडी चालवून आम्ही तळ्याकाठच्या केबिनमध्ये उतरलो. पहाटे पाच वाजता बोट पाण्यात. जुलै महिना आणि तोंडातून वाफ निघते इतकी थंडी. चारी बाजूंना पाइनची झाडं आणि पाणी असं स्थिर की त्यावर बोट घालायला जिवावर यावं. नागपूरकरीण लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळत होती. शेजारणीनं सगळं समजावून सांगितलं. कोकनी खोल, गार पाण्यात असतो, म्हणून तारेला शिशाचा गोळा लावून त्याच्यासोबत गळ साठ फूट खाली सोडायचा. गळाच्या पुढे चकचकीत पत्रा फिरतो, त्यामागे गुलाबी रबरी आमिष, त्याला मक्याचा एक दाणा. मक्याचा दाणा, आई! तुझ्या माहेरी हे ऐकून लोक हसले असते. मग बोट माणूस चालेल इतक्या वेगानं हाकायची आणि गळाच्या काठीच्या टोकाकडे बघत बसायचं.

बघत बसायला लागलंच नाही. दहा मिनिटांत माझी काठी थरथरली. मी उडी मारून ती धरली आणि ओढली, आणि दोरी सैल पडली. मासा गेला. दुसराही तसाच गेला. शेजारीण सुकाणूवरून म्हणाली, ‘‘हळू. याचं तोंड कागदासारखं असतं. तू ओढू नकोस, त्याला येऊ दे.’’ तिसऱ्या वेळी मी श्वास रोखून, एकाच लयीत रीळ फिरवत राहिले. पाण्याखाली आधी एक चमक दिसली, मग चांदीचा पत्रा वळावा तसं काहीतरी, आणि नागपूरकरणीनं जाळी घातली. तो बोटीच्या तळाशी उड्या मारत होता. आई, तो कोपरापासून बोटांपर्यंत लांब, निळसर पाठ, खवले इतके बारीक की हाताला लागत नव्हते. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण मराठीत ओरडले. तासाभरात बोटीत सात मासे होते, त्यांतले चार माझे. नागपूरकरीण म्हणाली, ‘‘आता मी नाही येऊन राहिली परत, इथेच राहते.’’

मधे थर्मासमधला चहा पिताना शेजारणीनं सांगितलं की कोकनी म्हणजे खरं तर समुद्रातलाच सॅमन मासा. कधी काळी त्याचे पूर्वज तळ्यांत अडकले आणि इथेच राहिले. आता तो समुद्र न बघता जन्मतो, वाढतो आणि मरतो. पण मांस तसंच लाल, चव तशीच. मी चहाचा कप तसाच धरून बसले. मी तुला काही म्हणत नाही आहे आई. फक्त तिनं जे सांगितलं ते सांगतेय.

मग ती म्हणाली, आता मोठ्याकडे जाऊ. मोठा म्हणजे लेक ट्राउट. तो तळ्याच्या अगदी तळाशी असतो आणि कोकनी खाऊन वाढतो. आम्ही बोट खोलात नेली. बोटीतल्या मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ खाली खाली जात होती आणि त्या रेघेला चिकटून एक जाड कमान दिसत होती. शेजारणीनं बोट ठेवून दाखवलं, तो बघ. मी जड गळ सोडला. तो तळाला टेकल्याचं हाताला कळलं. उचलला, सोडला. उचलला, सोडला. आणि मग तो उचलेना. मला वाटलं दगडात अडकला. मी तसं म्हणतेय तोवर दगड चालायला लागला.

पुढचा अर्धा-पाऊण तास मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. रिळातून दोरी सरसर जातेय आणि मी काही करू शकत नाही. काठीचं बूड पोटात रुतलंय. नागपूरकरीण माझ्या जॅकेटचा मागचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी आहे आणि ‘‘सोडू नको, सोडू नको’’ म्हणतेय. मी दहा हात दोरी मिळवते आणि तो वीस हात घेऊन जातो. वारा सुटलाय, बोट आडवी होतेय, शेजारीण एका हातानं सुकाणू सांभाळतेय. एकदा मी म्हटलं, मला नाही जमत, कोणीतरी घ्या. शेजारणीनं मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, ‘‘मासा तुझा आहे.’’

मग तो वर आला. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात, त्याहून लांब. काळपट हिरव्या अंगावर फिकट ठिपके, आणि डोकं एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखं. शेजारणीनं जाळी घातली, पण वजन आल्याबरोबर तिच्या खांद्यातून कळ गेली आणि जाळी हातातून सुटली. मासा उसळून जाळीसकट बोटीखाली गेला. दोरी बोटीच्या कडेला घासू लागली; तुटली असती. तेव्हा नागपूरकरीण, जिला पोहता येत नाही, ती कडेवर पोट टेकून कंबरेपर्यंत बाहेर झुकली आणि तिनं पाण्यातून जाळी ओढत आणली. आत मासा होता. मी काठी टाकून तिचे पाय धरले होते.

शेजारणीनं जाळी पाण्यातच धरून ठेवायला सांगितली. पकडीनं गळ काढला. मग म्हणाली, ठेवायचा की सोडायचा ते तू ठरव. पण हे मासे फार हळू वाढतात, एवढा व्हायला तीस वर्षं तरी लागली असतील. मी मनात हिशेब केला. तू एक्स्चेंजमध्ये बसून नंबर जोडत होतीस, मी कॉलेजात होते, तेव्हा हा या पाण्यात होता. मी दोन्ही हात पाण्यात घातले. बर्फासारखं पाणी. त्याच्या पोटाखाली हात धरला, शेपटीपाशी दुसरा. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग शेपटीनं एक झटका दिला, माझं तोंड भिजवलं आणि तो सरळ खाली, अंधारात गेला. ‘‘काहून सोडला गं?’’ नागपूरकरीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. मी म्हटलं, सात आहेत ना खायला. आणि मग मला जे हसू सुटलं ते काठाला लागेपर्यंत थांबेना.

दुपारी केबिनबाहेरच्या लाकडी टेबलावर मी मासे साफ केले. पोट उघडलं तर आत शेजारणीनं सांगितलेला तोच लाल रंग. नागपूरकरणीनं बॅगेतून सावजी मसाल्याची पुडी काढली. माशाची चव मरेल म्हणून तू ती हातातून हिसकावून घेतली असतीस. चार तिच्या मसाल्यात केले, तीन मी तिखट, मीठ आणि आमसुलाचं पाणी लावून तव्यावर टाकले. शेजारणीनं पहिला घास खाऊन काटा-चमचा बाजूला ठेवला आणि हातानं खायला घेतलं. मी सावकाश खाल्लं. किती वेळ, ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा दोघी माझ्याकडे बघत होत्या.

हे कागद कुठे जाणार नाहीत, मला माहीत आहे. ॲटलासमध्ये घालून ठेवीन. तुझा आहे तो, माझ्याकडेच असतो. एक तेवढं सांगून टाकते. मासे साफ करताना माझा हात बघून शेजारणीनं विचारलं होतं, कोणी शिकवलं इतकं छान? मी आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघून शिकले होते. मी म्हटलं, आईनं.