अत्तर लावायचं राहिलं

नाही आत्या, तुझं हळदीकुंकू मी नासवलेलं नाही, आणि फोन ठेवून देण्याआधी तू माझं निदान अर्धं वाक्य तरी ऐकायला हवं होतंस. उरलेलं अर्धं इथे लिहून काढलंय. बरं, आधी रीतीने. तीर्थस्वरूप अलकनंदाआत्यास नीलाचा साष्टांग नमस्कार. दिनकरकाकांचा गुडघा थंडीत कुरकुरतोय का? सरोजिनी नगरात धुकं आमच्या नोएडाइतकंच आहे ना? स्वेटर काढू नकोस. (स्वेटरकडे मी नंतर परत येणार आहे.)

माझी नोकरी काय आहे ते तुला अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तीन महिने कळत नव्हतं. आमची संस्था कातडीच्या अशा रोगांवर काम करते ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण ते दुसऱ्यांनाच होतात असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. मुख्य म्हणजे कुष्ठरोग. (घेतलं परत नाव. सॉरी यार आत्या, दुसरं काय म्हणू?) त्यावर मी पथनाट्य लिहिलं, अर्थात प्रायोगिक: संवाद शून्य, मी स्वतः पांढरी चादर पांघरून हळूहळू चालते, मी म्हणजे चट्टा. सेक्टर त्रेसष्टमध्ये एका कारखान्याच्या गेटवर, जेवणाच्या सुट्टीत, कामगारांनी पंचवीस मिनिटं फार आदराने बघितलं आणि शेवटी एकाने विचारलं, दीदी, पुताई का रेट क्या है? (त्याला वाटलं, भिंतींना चुना मारणारी आलीय.) त्यावर आमच्या सुनीती मॅडम म्हणाल्या, कला पुरे झाली, आता जिथे लोक आपणहून एकमेकांच्या हाताला हात लावतात अशा ठिकाणी जा. मला एकच ठिकाण आठवलं. तुझं.

म्हणून वाणाच्या डब्यात मी कापूस गुंडाळलेली एकेक काडी घातली. डोळे मिटायचे, शेजारणीने कापूस टेकवला की कुठे टेकवला ते बोटाने दाखवायचं, आणि फिक्या डागावर कळलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. एवढंच. आता हेमलताकाकूंनी डोळे मिटले आणि त्या झोपूनच गेल्या, यात माझा काय दोष? (आदल्या दिवसापासून तिळाच्या वड्या थापत होत्या बिचाऱ्या.) सरलाकाकूंनी विचारलं, हे फेशियलच्या आधी करायचं की नंतर? सगळं अगदी मजेत चाललं होतं आणि मग मी रोगाचं नाव घेतलं. सरलाकाकूंनी हातातली वडी खिडकीत ठेवून दिली आणि रुमालाने बोटं पुसली, एकेक करून. तू मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन म्हणालीस, हे असलं आपल्याकडे होत नाही, सरकारी क्वार्टर आहे हे.

मी ताटल्या पुसायला घेतल्या. तुला वाटलं, पोरीला पटलं. तेवढ्यात गुळपोळी उलटताना तुझं डावं मनगट तव्याला टेकलं, आणि ते तुला कळलं माझ्या ओरडण्यावरून. काका दारातून म्हणाले, हिला पानिपतावर नेली असती तर काला अंबच्या युद्धस्मारकापाशी आज आपण पेढे वाटत असतो. सगळे हसले, मीही हसले. लहानपणापासून आम्ही हे कौतुकानेच सांगत आलोय ना, की आत्याला भाजत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, की मी काही नासवलेलं नाही. काकांना नमस्कार.

तुझी,
नीला

ता. क. सगळ्या निघाल्यावर तू आणखी एकदा रागावलीस, की बायाबापड्यांना अत्तर लावलंस आणि घरच्या बाईला विसरलीस. आत्या, मी विसरले नव्हते. तुझ्या डाव्या मनगटाला दोनदा लावलं होतं. तू हेमलताकाकूंना उठवण्यात गुंतली होतीस, आणि खोलीत इतका घमघमाट होता की वासावरूनही कळलं नसतं. तिसऱ्यांदा उजव्या हाताला लावलं, तेव्हा हात मागे घेऊन म्हणालीस, गार आहे गं. डाव्या बाहीखाली तो फिका डाग आहे. तू म्हणतेस ऊन लागलं. दिल्लीत, जानेवारीत.

ता. क. २. तेच असेल असं नाही. मी डॉक्टर नाही, चादर आहे. आणि असलंच तर गोळ्या मिळतात, फुकट, सहा महिने नाहीतर वर्षभर, आणि माणूस बरा होतो, बिल्कुल बरा. उशीर केला तर मात्र बोटं वाकू शकतात, आणि तुझ्या बोटांनी माझं बोट धरून मला ‘ळ’ काढायला शिकवलंय. मंगळवारी सकाळी नऊला ऑटो घेऊन खाली उभी राहते. सैल बाहीचा स्वेटर घाल. काकांना तू सांग, नाहीतर दोघी मिळून सांगू. (सरलाकाकूंची ती खिडकीतली वडी मी खाल्ली. चांगली झाली होती.)

ता. क. ३. हे पत्र पोस्टाने येणार नाही. मी आत्ता तुझ्या दाराबाहेरच आहे, आत तू भांडी लावतेयस, आवाज येतोय. दाराखालून सरकवते आणि तू कडी काढायच्या आत जिना उतरते. नाही म्हणायचं असेल तर मंगळवारी खाली येऊन म्हण.