जिनातली विहीर कोणाची

नेर, ता. १८ फेब्रुवारी १९६३

दुपारी डोकं तापलं होतं, आता बरं वाटून राह्यलं. आमच्या कापसाच्या जिनात, म्हंजे सरकी काढाच्या कारखान्यात, नागपूरच्या कॉलेजातला एक मास्तर आलता. कारखानदार गावासाठी काय करतात, यावर तो संशोधन करते म्हणे. जेवणाच्या सुटीत त्यानं आम्हा बायांले विचारलं, "इथली विहीर कोणी दिली?"

सकू पटकन म्हणाली, "शेठनं." बाकीच्याही तेच बोलल्या अन् त्यानं लिहून घेतलं. काहून, तर विहिरीच्या पूजेच्या दिवशी नारळ शेठनं फोडला. ज्यानं नारळ फोडला त्याचं काम, असंच धरतात आपल्यात.

मले राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, जागा अन् विटा शेठच्या, हे खरं. पण खोदकामाची माती आम्ही सात बायांनी वाहिली, सुटीच्या दिवशी, फुकट. नारळ फोडाले किती वेळ लागते?"

सकू कुजबुजली, "गप राय ना वो, मुनीम ऐकून राह्यला. कामावरून काढंल."

काढंल का? काढो. मी खोटं थोडीच बोलली?

मास्तरानं लिहिलेलं खोडलं. म्हणे, "संशोधनात कोणाची नावं लिहिता येत नाहीत, शेठचंही नाही. काही स्त्रियांनी श्रम केले, असं लिहितो."

"काही कायले? सात लिवा."

त्यानं सात लिहिलं अन् मोठ्यानं वाचून दाखवलं. मुनीम तिथंच उभा. तेवढ्यात सकूच बोलली, "सात नाही मास्तर, आठ. गंगूले दिवस गेलते, म्हणून ती वर राहून टोपल्या रिकाम्या करे."

मीच विसरली होती. मास्तरानं पुन्हा खोडलं.