तुमचे मिलमधले हात

बाबा, रविवारी ह्यांच्यासोबत सिनेमा पाहिला. पोरगी बहिरी, पोराला ऐकू येतं, दोघांचं प्रेम. शेवटी पोराचा बाप आरशासमोर उभा राहून हातांची भाषा शिकतो आणि सगळं थिएटर नाक पुसत बसतं. मी मात्र चिडले. ह्या बापाला शिकावं तरी लागलं, माझ्या बापाला ती आधीपासून येत होती. मग माझ्या वेळेला काय झालं होतं?

मला आवडलेला तो पोरगा नेहरू नगरच्या फोटो स्टुडिओत कामाला होता. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कुठल्या ना कुठल्या फॉर्मसाठी मी फोटो काढत राहिले आणि त्याच्याकडून एकेक खूण शिकत गेले. मग एक दिवस त्याला क्वार्टरवर घेऊन आले, तुम्हाला भेटवायला. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आला होता, पायात अजून सेफ्टीचे जोडे. आई गडबडली, मोठमोठ्यानं बसा, बसा करत राहिली. तुम्ही नुसता तळवा खाली केला, क्रेनवाल्याला माल खाली घे म्हणून सांगता तसा. तो बसला.

मग तासभर तुमचं दोघांचंच चाललं. पोलाद कारखान्यातल्या मिलच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू जात नाही, तिथं हातांनीच बोलत जन्म काढलेला माणूस तुम्ही. त्यानं तुमच्या मनगटावरचा डाग दाखवून विचारलं, आणि गरम प्लेट कशी घसरली, कोण पळालं, तुम्ही कसे वाचलात, सगळं तुम्ही हातांनी सांगितलं. तो बरोबर जागी हसला. बाबा, तो किस्सा आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हता. मला वाटलं, झालं, जमलं आपलं.

तो गेल्यावर जोडे काढत तुम्ही म्हणालात, "पोरगा सोन्यासारखा हाय. पण मी आठ घंटे हातानं बोलतो न, मले मालूम हाय. घरी येतो त तुमचा आवाज आयकाले येतो. तू कुठी जाशील?" म्हणजे नाही.

मी किती अबोला धरला! लग्नात रडले, माहेरी आले की तोंड फुगवून बसले, मावशीला, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगितलं की बाबांनी माझं वाटोळं केलं. शेवटच्या दोन वर्षांत तुमचेच कान गेले. गोळी घेतली का म्हणून मी कानाशी ओरडायचे. तुम्ही भलतंच उत्तर देऊन ओशाळं हसायचात आणि माझ्या हातांकडे पाहायचात. मला येत होतं ना सगळं. पण एकदाही बोट हलवलं नाही, मुद्दाम. म्हटलं, आता कळू द्या. तुम्ही तसेच गेलात. आठवलं की जीव तुटतो.

सिनेमावरून आल्यापासून लिहून राहिले. हे पाठवणार कुठं? ह्यांच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन. एक गोष्ट लिहायची होती, तिच्यासाठी एवढं लांबण लावलं. त्याला घरी आणायच्या आधीच मी घाबरले होते बाबा. जन्मभर घरात आपलाच आवाज, हे मला झेपणार नव्हतं, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणायची हिंमतही नव्हती. तुम्ही नाही म्हणालात, मी आत जाऊन रडले, ते खरं. पण रडायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. ते "नाही" माझंच होतं.