मोटरची आसारी

२९ डिसेंबर
आज निश्चय केला. मांजा गुंडाळायची आसारी, म्हणजे फिरकी, हातानं फिरवायचे दिवस गेले. या संक्रांतीला येवल्यात, सासुरवाडीच्या गच्चीवर, बॅटरीवर फिरणारी आसारी. लग्नापासून माझी आसारी लता धरते. तिचे गुडघे दुखतात. हे सगळं तिच्यासाठीच. मेहुणा गेणू दरवर्षी माझा पतंग कापतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

३१ डिसेंबर
शेजारच्या धम्मपालच्या बिघडलेल्या लॅपटॉपची बॅटरी मागून आणली. फोडली. आत गोंडस सेल! मोटर नातीच्या मोडक्या खेळण्यातली. धम्मपाल म्हणाला, काका, ते सेल म्हातारे झालेत, व्होल्टेज दाखवतात पण दम नाही. आजकालच्या मुलांना जुन्याची माया नाही.

३ जानेवारी, सकाळी
फिरली! रिकामी आसारी अशी भिरभिरली की डोळे भरून आले. शाळेतली पतंगाची कविता मोठ्यानं म्हणायला घेतली. पहिल्या ओळीनंतर अडलो. दुसरी नेहमी लता सांगते. आज स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही. कुकरमुळे ऐकू गेलं नसेल.

५ जानेवारी
लताला सांगितलं, यंदा तू खुर्चीत बसून नुसती मजा बघ. ती म्हणाली, म्हणजे माझी गरज नाही. मी म्हटलं, अजिबात नाही. आनंदानं लगेच उठून आत गेली.

९ जानेवारी
मांजा चढवून टेस्टिंग. मोटर कण्हली, थांबली. सेल गरम. थंडीमुळे असेल. टेबलक्लॉथ थोडा जळला, त्यावर फुलदाणी ठेवली. दोन सेल बदलले. पुन्हा टेस्टिंग नको. सारखं तपासणं म्हणजे यंत्रावर अविश्वास.

१३ जानेवारी, भोगी. येवला.
एसटीत आसारी मांडीवर घेऊन आलो. लता मागच्या सीटवर बसली. पाय मोकळे करायला असेल. गच्चीवर सगळ्यांना यंत्र फिरवून दाखवलं, रिकामंच. गेणूला चारचौघांत सांगून टाकलं, उद्या तुझा पतंग कापला नाही तर पुन्हा या गच्चीवर पाय ठेवणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
लिहवत नाही.

संध्याकाळी
लिहितो. पतंग छान चढला. गेणूनं पेच टाकला. मी बटण दाबलं. मोटर कण्हली, थांबली. मांजा पायात. सवयीनं, मागे न बघताच ओरडलो, लते, गुंडाळ! कुणी गुंडाळेना. वळून पाहिलं तर लता गेणूची आसारी धरून उभी. गुडघे बिलकूल दुखत नव्हते. तेवढ्यात माझा पतंग कापला गेला. वकाट! अख्खी आळी ओरडली. त्यात तिचा आवाज मी लगेच ओळखला. गेणू म्हणाला, दाजी, मशीनला जरा तिळगूळ द्या. जिन्यात जाऊन बसलो. जेवायला हाका आल्या, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

१५ जानेवारी, संक्रांतीची कर
गच्चीवर पाय ठेवला. लतानंच बोलावलं. आज पतंग तिच्या हातात. साधी लाकडी आसारी माझ्यापुढे करून म्हणाली, धरा. धरली. ती ढील मागायची, मी उलट गुंडाळायचो. गेणू हसून हसून कठड्यावर बसला. लता मात्र वर बघत ती कविता म्हणत होती. दुसरी ओळ, तिसरी, सगळी. मला इतकी लाज वाटत होती की मान वर करून पतंगही पाहिला नाही. मनगट भरून आलं म्हणून जरा थांबलो.

लता वर बघतच म्हणाली, व्होल्टेज आहे, दम नाही.

धम्मपालनं हे हिला कधी सांगितलं?