या वर्षी फिरकी माझ्याकडे

समा, बडोदे
२८ डिसेंबर

चि. सौ. विजू,

अनेक आशीर्वाद. सांगलीला सगळे खुशाल असतील. इथे थंडी बरी पडली आहे, घरोघरी उंधियू सुरू झालं आहे आणि तुझी वहिनी नेहमीसारखीच माझ्यावर चिडलेली आहे.

मानेचं विचारलंस. मणके झिजलेत, आणखी काय! ऑपरेशनची आत्ता गरज नाही असं डॉक्टरच म्हणाले, म्हणून फतेगंजला भक्तीबेनकडे फिजिओथेरपीला जातो. त्या मान ताणायच्या मशीनला जुंपतात, मी पंखा बघत पडून राहतो. घरी शेक, पातळ उशी, हनुवटी मागे ओढायचा व्यायाम. जरा बरं वाटतं, की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा आलाय गं. दिसायला धडधाकट, त्यामुळे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

दिवाळीनंतर आराम पडला आणि माझ्यातला बडोदेकर जागा झाला. गेल्या रविवारी गच्चीवर गेलो. म्हटलं, एकच पतंग. मग दुपारभर मान मागे टाकून उभा! समोरच्याचा काटला तेव्हा "काप्यो छे!" असा ओरडलो की खालून वहिनी धावत आली. आली ती किंचाळलीच. माझा सदरा रक्ताने भरला होता. मांज्याने बोट चांगलंच कापलं होतं, विजू, आणि मला कळलंच नव्हतं.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण लिहायला बसलो तर आता सगळंच लिहितो. भक्तीबेन दर वेळी विचारायच्या, "काका, हाथमां खाली चढे छे?" म्हणजे हाताला मुंग्या येतात का. मी म्हणायचो, "ना रे बेन." मुंग्या तर श्रावणापासूनच येत होत्या. मग बोटं बधिर झाली. शर्टाची बटणं लागेनात म्हणून सदरे घालू लागलो, तर वहिनी म्हणाली, शोभतात तुम्हाला. खरं बोललो तर ऑपरेशनला पाठवतील, एवढीच भीती.

सोमवारी कबूल केलं. भक्तीबेन रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे धाडलं. हाताची ताकद अजून शाबूत आहे, तेव्हा ऑपरेशनशिवाय प्रयत्न चालू ठेवू म्हणाले. पण यापुढे लपवाछपवी नाही, आणि मान वर करून बघायचं नाही. म्हणजे संक्रांतीला पतंग उडवणं नाही; उत्तरायण संपलं माझं. खरं सांगतो, मी घाबरलोय.

लहानपणी तू दिवसभर माझ्या मागे फिरकी धरून उभी असायचीस. पतंग मागितलास की मी म्हणायचो, पुढच्या वेळी. या उत्तरायणाला ये. पतंग तू उडव. फिरकी मी धरतो, त्यासाठी वर बघावं लागत नाही. ढील हवी तेव्हा हाक मार, आणि आपला पतंग कुठवर गेला ते मला सांगत राहा.

तुझ्या मागे उभा,
दादा