एकच डाव भेटलो जी

८ जाने., गुरुवार
हरभऱ्याले पानी. लाइट दोन डाव गेली.
रविवारी वाशीमले परिचय मेळावा. माहा सहावा. पन यावेळी पोरीपेक्षा गजूले पाहाची घाई. रिसोडकडचा गजानन. मोबाइलवरच्या आमच्या 'गुडघ्याले बाशिंग' ग्रुपमधला. ग्रुपमधी सारे पस्तिशीच्या पुढचे, वावरवाले, बिनलग्नाचे. दोन वर्स झाले, रोज बोलतो अन् अजून भेट नाई. बाबा गेले तवा गावातलं मानूस दारात याच्या अगोदर त्याचा फोन आलता. दिवसभर लाइनवर होता. काई बोलला नाई, नुस्ता होता.

११ जाने., रविवार
भेटलो! मंगल कार्यालयाच्या गेटात. "पुऱ्या बे!" म्हने अन् मिठीच मारली. फोटोपेक्षा बुटका. केसाले मेहंदी, कानाजवळ लाल दिसून राह्यली. मी बी काळे करूनच गेलतो. एकमेकाचे केस पाहून हासलो. मंग अर्धा घंटा काय बोलावं तेच सुचेना. मोबाइलवर तोंडाचा पट्टा चालते आमचा! आलुबोंडा खाल्ला तवा कुठं गाडी लाइनीवर आली.
स्टेजवर एकेक पोट्टा माईक घेऊन: नाव, वावर किती, अपेक्षा काईच नाई. पोट्ट्यांची रांग गेटाबाहेर. पोरी दोन बाकांवर मावल्या.
त्यात एक कारंजाकडची. प्रतिभा. निळी साडी. मी लय डाव पाह्यलं. तिच्या काकानं गजूले बोलावलं. मले नाई.
गजू काकाले म्हने, "चौकशी कराची तं याच्याजवळ करा. माह्याबद्दल याच्यापेक्षा जास्त कोनाले माहीत नाई." अन् माहा नंबर देल्ला.

१३ जाने.
सकाळी उठलो तं गजूचे मेसेजच मेसेज. पोरगी हो म्हनून राह्यली. आता फक्त चौकशी.
मी अंगठा पाठवला.
चांगली गोष्ट आहे. लिहून ठेवतो, चांगली गोष्ट आहे.

१५ जाने., गुरुवार
दुपारी तुरीत होतो. काकाचा फोन. "गजानन पोरगा कसा आहे जी? तुमी जवळचे."
मले माहीत आहे कसा आहे. दारूले शिवत नाई. तंबाखूचा खर्रा बी सोडला. त्याच्या मायले लकवा, तिचे हातपाय रोज सोता चोळून देते. माह्याजवळ एक डाव खोटं बोलला नाई.
मी म्हटलं, "काय सांगू काका. आमी एकच डाव भेटलो जी. मोबाइलवरची ओळख."
काका म्हने, "हां हां. समजलो."
खोटं कुठं बोललो? एकच डाव भेटलो ना?
नंबर समोरच होता, फिरून लावता आला असता. नाई लावला.

१६ जाने.
जेवलो नाई. आईले म्हटलं डोकं दुखते.
आता बी लावता येते फोन. जेवन झाल्यावर लावतो म्हटलं. जेवलोच नाई तं...

१८ जाने., रविवार
मोडलं.
गजू फोनवर रडला. चाळिशीचा मानूस. "कोनं भांजी मारली रे पुऱ्या? गावातलंच कोनी जळकं असन. तू तं चांगलंच सांगतलं असशीन."
हो म्हटलं. हे मात्र पक्कं खोटं.
ग्रुपवर भांजी मारनाऱ्याले सगळ्यांनी शिव्या देल्ल्या. मी चूप राह्यलो तं दिसलं असतं, म्हनून मी बी एक टाकली. थू माह्या जिंदगीवर.

२२ जाने., गुरुवार
काकाचा फोन. मले वाटलं, पकडलो गेलो. तं म्हने, "तुमी मोजकं बोलनारे वाटले. नाईतं लोकं दोस्ताची नुस्ती तारीफ करतात. तुमचं बी राह्यलं आहे म्हनते ना? आमच्या प्रतिभासाठी पाहून घ्या."
आई बाजूलेच होती. फोन तिच्या हाती गेला. एक तारखेले पोरगी पाहाले जाचं ठरलं. बाबा गेल्यापासून आई अशी हासलीच नव्हती. देवाजवळ साखर ठेवली.
मले नाई म्हनता आलं नाई. म्हनाचंच नव्हतं काय? तोंडात मारून घ्यावी वाटते अन् निळी साडी बी डोळ्यापुढून जात नाई. दोन्ही एकाच डोक्यात.

२७ जाने.
गजूचा मेसेज, "घरी मन लागत नाई. दोन-तीन दिवस तुह्याकडं येतो." नको कसं म्हनू.
आईले बजावलं, त्याच्यापुढं स्थळाचं काढजो नको. "काहून बापा?" मी वावरात निंघून गेलो.

३० जाने., शुक्रवार
मंगरूळपीरच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन गेलो. तोंड वाळलं त्याचं. आईसाठी बोरं आनली होती. मनात म्हटलं, वाटेतल्या इंझोरीपर्यंत सारं सांगून टाकतो. रस्ताभर तो बोलला, मी नाई. एका जागी गाडी थांबवली बी. "काय झालं बे?" म्हने. म्हटलं, चैन पाह्यतो. चैन चांगली होती.
आताच जेवनं झाली. आईच्या पोटात आनंद मावते थोडी! भाकर वाढता वाढता काढलंच. "बापा, परवा पुरूसाठी पोरगी पाहाले जाचं आहे. भाड्याच्या गाडीत जागा आहे, तू बी चाल. दोस्त संग असला म्हंजे याले धीर राहीन."
गजू हासला. "लेका, सांगतलं नाई मले! येतो ना मावशी. कोनतं गाव?"
आईनं गाव सांगतलं. पोरीचं नाव बी सांगतलं.
घास हातातच होता त्याच्या. माह्याकडं पाह्यलं. मी ताटात पाह्यलं. मंग घास खाल्ला त्यानं, पानी पेला.
"चांगली आहे मावशी पोरगी," म्हने. "मी पाह्यली आहे."
बाहेर ओट्यावर बसला आहे आता. पाठ इकडं. अजून काईच इचारलं नाई.